जो पडला, त्याचा दगड

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातल्या जुन्या शिवालयांच्या आवारात एक उभट दगड हमखास भेटतो. कधी तो पाराला टेकवलेला असतो, कधी अर्धा मातीत गेलेला. त्यावर खालून वर तीन-चार चौकटी कोरलेल्या असतात. तळच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस लढत असतो किंवा आडवा पडलेला असतो आणि पुष्कळदा त्याच्या मागे गुरं असतात. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला दिसतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात. जोवर ते आहेत तोवर याची कीर्ती, असा त्यांचा अर्थ. हा वीरगळ. कन्नडमध्ये वीरगल्लु. महाराष्ट्रातल्या वीरगळांवर लेख क्वचित सापडतो, कर्नाटकात पुष्कळ सापडतात. सीमाभागात दोन्ही तऱ्हा बघायला मिळतात. गावाला त्या माणसाचं नाव बहुधा ठाऊक नसतं, तरी सणावाराला कुणीतरी शेंदूर लावून जातं.

या दगडाकडे मी कलेचा नमुना म्हणून बघत नाही. 'गडी कुणाला म्हणावं' या प्रश्नाचं या मुलखानं दिलेलं ते सगळ्यांत जुनं उत्तर आहे. पुढे हे उत्तर बदलत गेलं. दगडावरून ते गाण्यात आलं, गाण्यातून तालमीत आणि तालमीतून रस्त्यावर. आज ते चौकातल्या पुतळ्यात येऊन उभं आहे. त्याचा माग काढताना मला होमर सोबत घ्यावासा वाटतो. वीराचं कौतुक आणि वीराचा हिशेब या दोन्ही गोष्टी एकाच वेळी इतक्या सडेतोडपणे मांडणारं 'इलियड'इतकं जुनं काव्य दुसरं सांगता यायचं नाही.

सुरुवात गुरांपासून करू. कर्नाटकातल्या वीरगळांच्या लेखांत 'तुरुगोळ' हा शब्द वारंवार येतो. शत्रूनं गावाची गुरं वळवून नेणं म्हणजे तुरुगोळ. ती सोडवायला धावला आणि पडला, एवढीच बहुतेक वीरांची कहाणी असते. बाराव्या-तेराव्या शतकात या भागात सौंदत्तीचे आणि मग वेणुग्रामचे म्हणजे बेळगावचे रट्ट, गोव्याचे कदंब, कोल्हापूरचे शिलाहार यांच्या सीमा एकमेकींत घुसलेल्या होत्या. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमलबस्ती किंवा हलशीची देवळं त्या राजवटींचं वैभव सांगतात. त्याच राजवटींत रात्री-अपरात्री गोठे रिकामे होत होते, हे वीरगळ सांगतात. राजाच्या लढाईत पडलेल्यांचे वीरगळ आहेतच, पण गुरांसाठी, गावाच्या शिवेसाठी, बायकांच्या अब्रूसाठी पडलेल्यांचे दगडही जागोजाग आहेत. मंड्य जिल्ह्यातल्या आतकूरला तर दहाव्या शतकातला एक दगड काळी नावाच्या शिकारी कुत्र्याचा आहे. रानडुकराशी झुंजताना ते मेलं. वीरपण देताना तिथे जात विचारली नाही, माणूस की जनावर हेही विचारलं नाही.

आता 'इलियड'चं पहिलंच भांडण बघा. अकिलीस भर सभेत सेनापतीला ऐकवतो की ट्रॉयच्या लोकांनी माझं काहीच वाकडं केलेलं नाही. त्यांनी माझी गुरं नेली नाहीत, घोडे नेले नाहीत, माझं पीक तुडवलं नाही. मी इथे आलो तो तुमच्यासाठी. ग्रीकांचा सर्वश्रेष्ठ योद्धाही युद्धाचं रास्त कारण म्हणून पहिलं नाव घेतो ते गुरांचं. म्हातारा नेस्टर आपल्या तरुणपणाची बढाई मारतो तीही शेजाऱ्यांची जनावरं वळवून आणल्याचीच. आपल्या विराटपर्वातही अज्ञातवास संपता संपता अर्जुन रथावर चढतो तो विराटाच्या गाई सोडवायला, आणि तेही बृहन्नडेच्या वेषात. पराक्रमाचं मूळ गोठ्यात आहे. सिंहासन फार नंतर आलं.

फरक पुढे पडतो. 'इलियड'च्या सातव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर द्वंद्वाचं आव्हान देताना म्हणतो की माझ्या हातून जो मरेल त्याचं थडगं समुद्रकाठी बांधा. पुढच्या काळातले खलाशी ते पाहून म्हणतील की हा शूर पुरुष हेक्टरनं मारला, आणि माझी कीर्ती कधी मरणार नाही. थडगं हरलेल्याचं आणि नाव जिंकलेल्याचं. आपल्या वीरगळावर नेमकं उलटं आहे. मारणारा त्या दगडावर शत्रूच्या गर्दीतला एक असतो. जिवंत परतलेल्याला वीरगळ नाही, मग त्यानं कितीही मुंडकी उडवलेली असोत. दगड मिळतो तो पडलेल्यालाच. मला हा फरक फार मोलाचा वाटतो, आणि पुढचा सगळा माग मी त्याच्याच आधारानं काढणार आहे.

दगडाबरोबर आणखी एक गोष्ट मिळत असे. कन्नड लेखांत तिला 'नेत्तरुगोडगे' म्हटलं आहे. रक्ताच्या बदल्यात मृताच्या घरच्यांना दिलेली ती जमीन. ही दया नव्हती, तो करार होता. होमरकडे हाच करार ट्रॉयच्या बाजूनं लढणाऱ्या सार्पेडनच्या तोंडी येतो. लढाईच्या ऐन भरात तो मित्र ग्लॉकसला विचारतो की गावाकडे आपल्यालाच का पुढचं आसन, उत्तम मांस, भरलेले प्याले आणि नदीकाठची बागायत? म्हणून आज आपण पहिल्या फळीत उभं राहिलं पाहिजे. लगेच पुढे तो जे म्हणतो ते मला त्याहून थोर वाटतं. आपण दोघे अमर असतो तर मीही लढलो नसतो आणि तुलाही लढायला सांगितलं नसतं. पण मरण टळत नाहीच, तर चल. मरणाची हौस या माणसाला नाही. खाल्लेल्या अन्नाला जागायचं आहे.

याची किंमत कोण मोजतं, हेही दगडांवर आहे. वीरगळाच्या शेजारी कधी कधी दुसरा दगड असतो. त्यावर कोपरात वाकवून वर उचललेला एक हात, हातात चुडा. सतीचा दगड. हेक्टरची बायको अँड्रोमकी त्याला वेशीपाशी अडवते, तेव्हा तिला होमरनं बोलायला पुष्कळ जागा दिली आहे. माझे आई-बाप-भाऊ सगळे गेले, आता तूच ते सगळं आहेस, मला विधवा करू नकोस, असं ती म्हणते. हेक्टरला तिचं पटतं, पण मागे राहिलो तर ट्रॉयच्या बायका-पुरुषांपुढे मान वर करता येणार नाही, एवढं त्याचं उत्तर. मग तो पोराला घ्यायला हात पुढे करतो आणि शिरस्त्राणावरचा तुरा बघून पोर भेदरतं. हेक्टर हसून शिरस्त्राण काढून खाली ठेवतो. पुरुषानं पोराला जवळ घ्यायचं तर आधी ते शिरस्त्राण उतरवावं लागतं, हे होमरला ठाऊक होतं. आपला सतीचा हात मात्र मुका आहे. त्या बाईला काय म्हणायचं होतं ते कुणी कोरलं नाही. वीरगळाच्या परंपरेवर कितीही प्रेम असलं तरी ही उणीव मी झाकू शकत नाही. 'ओडिसी'त मेलेला अकिलीस पाताळात भेटतो तेव्हा सांगतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या गरिबाच्या शेतावर सालगडी झालेलं बरं. आपल्या दगडावर अप्सरा आहेत. पडलेल्याला पुन्हा कुणी काही विचारलेलं नाही.

सतराव्या शतकात स्मरणाचं काम मराठीत पोवाड्यानं अंगावर घेतलं. अफजलखानाच्या वधाचा अगीनदासाचा पोवाडा आणि सिंहगडावरचा तुळशीदासाचा पोवाडा हे त्यातले शिरोमणी. १६७० सालचा तानाजी मुलाचं लग्न बाजूला ठेवून गडावर जातो. दगडावर जो निनावी होता त्याला आता नाव आलं, घर आलं, मित्र आले, भाषा आली. पण गाण्याला ऐकणारा लागतो आणि बिदागी देणाराही लागतो. त्यामुळे पराक्रमाचा धनी हळूहळू दरबाराकडे सरकला. शेलारमामा, सूर्याजी, मावळे गाण्यात आहेत, तरी त्यांच्या शौर्याची दिशा एकाच आसनाकडे आहे. अकिलीसचा राग स्वतःच्या मानासाठी होता. वाट्याला आलेल्या ब्रायसिसला सेनापतीनं हिरावून नेलं म्हणून तो तंबूत बसून राहिला आणि आपली माणसं मरू दिली. पोवाड्यातला वीर असं रुसून बसूच शकत नाही. निष्ठा हा त्याच्या पुरुषपणाचा पहिला गुण ठरला, मानापमान दुसरा. हे उदात्त आहे, यात शंका नाही. पण सार्पेडनचा किंवा वीरगळाचा हिशेब यात मागे पडला.

गाण्याचं एक फार चांगलं होतं. त्याला भाषेची वेस अडवत नाही. मराठी शाहिराच्या मागे झीलकरी 'जी जी' करतात, तसे बेळगाव-विजापूरकडच्या कन्नड मेळात 'गी गी' करतात आणि त्या गाण्यांना गीगी पदच म्हणतात. डफ आणि तुणतुणं दोन्हीकडे आहे. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याचा सवाल-जवाब तिकडे हरदेशी-नागेशी म्हणून रंगतो. झीलकऱ्यांनी सूर धरला की तेवढ्यात शाहीर पुढची ओळ मनात जुळवून घेतो. मिल्मन पॅरी आणि त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियातल्या गायकांकडे गेले, तेव्हा ठरीव शब्दबंधांच्या आधारानं हजारो ओळी आयत्या वेळी कशा रचल्या जातात हे त्यांना तिथे कळलं आणि होमरचं कोडं सुटायला लागलं. निपाणीच्या किंवा गोकाकच्या एखाद्या मेळ्यात बसले असते तरी ते त्यांना कळलं असतं.

या गाण्यांना कागदावर आणलं राज्यकर्त्यांच्या माणसांनी. मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्याबरोबर १८९१ मध्ये मराठी पोवाड्यांचा संग्रह काढला. त्याच्याही आधी, १८८०च्या दशकात, जे. एफ. फ्लीट या मुलकी अधिकाऱ्यानं 'इंडियन अँटिक्वेरी'त कन्नड पोवाडे छापायला घेतले. त्यांत १८५७च्या हलगलीच्या बेडरांचं गाणं आहे आणि संगोळी रायण्णाचंही आहे. ज्यांना सरकारनं फाशी दिलं त्यांची गाणी सरकारचा अधिकारी टिपून घेत होता, कारण लोक ती गात होते आणि थांबत नव्हते.

रायण्णापाशी मला जरा थांबायचं आहे. तो कित्तूर संस्थानचा शेतसनदी होता. शेतसनदी म्हणजे गावची राखण करायची आणि त्याबद्दल जमीन कसायची. नेत्तरुगोडगेचाच तो वंशज. २३ ऑक्टोबर १८२४ ला कित्तूरच्या वेशीवर कलेक्टर थॅकरे मारला गेला, डिसेंबरात कित्तूर पडलं, राणी चन्नम्मा बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद झाली आणि फेब्रुवारी १८२९ मध्ये तिथेच वारली. नव्या अंमलानं शेतसनद्यांच्या जमिनींना हात घातला. शेकडो वर्षांचा तो करार वरच्या पक्षानं मोडला. तेव्हा रायण्णानं माणसं जमवली, बिडीची कचेरी जाळली, खानापूरच्या रानात सरकारी फौजेला महिनोन् महिने झुलवलं. एप्रिल १८३० मध्ये घरभेद झाला आणि तो धरला गेला. २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला त्याला फाशी दिलं.

नंदगड खानापूर तालुक्यात आहे, म्हणजे मराठी बोलणाऱ्या मुलखात. गाणं कन्नड, माती मराठी. तिथे त्याच्या समाधीवर वड आहे. एका साथीदारानं वेष पालटून ते रोप लावलं, अशी आख्यायिका आहे. संगोळी या त्याच्या गावातल्या लहान देवळात रायण्णाच्या मूर्तीच्या दोन्ही बाजूंना व्यायामाची वजनं ठेवली आहेत आणि त्यांतलं लाकडी वजन त्यानं स्वतः वापरलेलं, असं लोक मानतात. ग्रीकांकडेही वीराचं थडगं म्हणजे त्या त्या गावचं दैवत असे. गावाबाहेर त्याला फारसं कुणी पुजत नसे, पण गावाची राखण तो मेल्यावरही करतो असा विश्वास होता. नंदगडचा रायण्णा तसा आहे. तो मरेपर्यंत शेतसनदी होता आणि मेल्यावरही त्याच कामावर आहे.

त्या वजनांचा वारसा तालमीत गेला. तलवारी कायद्यानं काढून घेतल्यावर या भागात पुरुषपण लाल मातीत मुरलं. बेळगावच्या गल्ल्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत तालमी उभ्या राहिल्या. इकडे तालीम, कन्नडमध्ये गरडी मने. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधून झालं, त्याची हवा निपाणी-बेळगावपर्यंत आली. आनंदवाडीच्या आखाड्यात आजही मैदान भरतं. पहाटेच्या जोर-बैठका, दूध-बदामाचा खुराक, वस्तादाच्या पायाला हात लावल्याशिवाय हौद्यात पाय न ठेवणं. 'लंगोटाचा पक्का' ही पैलवानाची सर्वोच्च पदवी. इथे पहिल्यांदाच असा वीर घडला ज्याला कुणाला मारायचं नव्हतं. प्रतिस्पर्ध्याचे खांदे मातीला टेकले की संपलं. मग त्यालाच हात देऊन उठवायचं.

'इलियड'च्या तेविसाव्या सर्गात अकिलीसचा जिवलग पॅट्रोक्लस याच्या अंत्यविधीनंतर खेळ होतात. त्यात एजॅक्स आणि ओडिसियस यांची कुस्ती लागते. एक बलदंड, दुसरा डावबाज. काही केल्या कुस्ती निकाली होत नाही, बघणारे कंटाळतात, तेव्हा अकिलीस उठतो आणि कुस्ती बरोबरीत सोडवून दोघांना सारखंच बक्षीस देतो. आमच्या मैदानातल्या कुठल्याही पंचाला हा प्रसंग परका वाटणार नाही. सबंध काव्यात माणसं मारत सुटलेला अकिलीस मला इथे पहिल्यांदा मोठा वाटतो.

तालमीतला माणूस रस्त्यावर आला तो १९५६ मध्ये. भाषावार प्रांतरचनेत बेळगाव, निपाणी, कारवार म्हैसूर राज्याकडे जाणार हे जाहीर झाल्यावर लोक बाहेर पडले आणि १७ जानेवारीला गोळीबार झाला. बेळगावात मारुती बेन्नाळकर, मधू बांदेकर, लक्ष्मण गावडे, महादेव बारागडी पडले. निपाणीत कमळाबाई मोहिते पडल्या. मारुती बेन्नाळकरांच्या नावामागे आजही 'पैलवान' लावतात. हा दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचं स्मारक हिंडलग्याला आहे. मला ही स्मारकं वीरगळाच्या सरळ वंशातली वाटतात. त्यांच्यावर मारणाऱ्याचं नाव नाही, पडलेल्याचं आहे. आणि सतीच्या मुक्या हाताच्या जागी इथे कमळाबाईंचं नाव आहे, कुणाची बायको म्हणून नव्हे, स्वतःच्या पायांनी रस्त्यावर आलेली बाई म्हणून.

१९५६ नंतर २५ वर्षांनी निपाणीनं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. मार्च १९८१ मध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर जाऊन बसले. शरद जोशींची शेतकरी संघटना होती, निपाणीचे सुभाष जोशी होते, विडी वळणाऱ्या बायकांना संघटित होण्याची सवय लागलेली होती. तीन आठवड्यांहून जास्त काळ हजारो माणसं तिथे बसून राहिली, तिथेच शिजवून खाल्लं. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या चालवल्या आणि शेतकरी मेले. त्या गर्दीत मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते. तंबाखूचा भाव दोघांना सारखाच मिळत होता. हातात काही न घेता जागेवरून न उठणं, ही शौर्याची व्याख्या वीरगळाच्या काळात कुणाला सुचली नसती. तरी तिच्या मुळाशी तेच होतं. आमच्या घामाचं आमच्या डोळ्यांदेखत कुणीतरी वळवून नेत आहे, एवढीच तक्रार. तुरुगोळच ते.

आणि मग पुतळे आले. पुतळ्यातला वीर पडलेला नसतो. तो घोड्यावर असतो, तलवार उपसलेली असते, चेहरा कधी थकलेला नसतो. हेक्टरनं मनात आणलेलं जिंकलेल्याचं स्मारक आपण आता उभारायला लागलो. ऑगस्ट २०२० मध्ये बेळगावजवळच्या पीरनवाडीत रातोरात रायण्णाचा पुतळा बसवला गेला आणि तो चौक शिवाजी महाराजांचा की रायण्णाचा यावरून लोक समोरासमोर उभे राहिले. शेवटी चौकाला महाराजांचं नाव आणि पुतळा रायण्णाचा, अशी तडजोड झाली. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात महाराजांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि लगोलग बेळगावात अनगोळला रायण्णाचा पुतळा फोडला गेला. मराठी मुलखात फाशी गेलेल्या माणसाला मराठी माणसाचा शत्रू करून उभं केलं, आणि ज्यांच्या राज्यात सावकार-देशमुखांपासून रयतेला राखलं गेलं त्या महाराजांना कन्नडांचा शत्रू केलं. मला याचं मनापासून दुःख होतं. ही दोन माणसं दीडशे वर्षांच्या अंतरानं एकाच कामाला लागली होती.

'इलियड' विजयावर संपत नाही. ट्रॉय पडायच्या आधीच होमर थांबतो. हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री शत्रूच्या तंबूत जातो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. अकिलीसला आपला बाप आठवतो. दोघं रडतात, एकत्र जेवतात आणि हेक्टरच्या अंत्यविधीसाठी युद्ध थांबवायचं ठरतं. पुरुषाच्या रडण्याला तिथे कमीपणा नाही. वीरपणाची शेवटची पायरी तीच आहे.

सीमाभागाला हा सर्ग ग्रीसकडून उसना आणायची गरज नाही. १६७८ च्या सुरुवातीला दक्षिणेच्या मोहिमेवरून परतताना महाराजांच्या फौजेला बेलवडीच्या गढीनं अडवलं. गढी लढवत होती मल्लम्मा देसाईण. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी त्या फेब्रुवारीत लिहून ठेवलं की एवढी राज्यं जिंकणाऱ्याला ही एक बाई आवरत नाही. शेवटी गढी पडली. परंपरा सांगते की सखूजी गायकवाड या सरदारानं मल्लम्माशी गैरवर्तन केलं तेव्हा महाराजांनी त्याला जबर शिक्षा केली आणि मल्लम्माला तिचा मुलूख परत दिला. धारवाडजवळ यादवाड गावच्या मारुतीच्या देवळापाशी एक दगड आहे. तो मल्लम्मानं घडवून घेतला असं मानलं जातं. वरच्या भागात महाराज घोड्यावर आहेत, खालच्या भागात त्यांच्या मांडीवर तिचं मूल आहे आणि ते त्याला वाटीतून दूध पाजत आहेत. हरलेल्या बाजूनं जिंकलेल्याचा कोरलेला हा दगड कन्नड गावात आहे आणि कन्नड माणसांनी तो आजवर जपला आहे. पीरनवाडीच्या चौकात समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन्हीकडच्या तरुणांनी एकाच गाडीत बसून यादवाडला जावं आणि येताना नंदगडावरून यावं, अशी माझी त्यांना विनंती आहे.